छोट्या चौकटीच्या जुन्या सायकली : भंगाराचा भाव आणि कारागिराचे मोल

जुन्या मालाच्या बाजारात भाव दोन प्रकारे ठरतो. एक वजनावर आणि दुसरा ओळखीवर. ज्याला वस्तूची ओळख नाही तो ती किलोने विकतो. ज्याला ओळख आहे तो तीच वस्तू नगाने विकतो. या दोन भावांमध्ये जे अंतर आहे ते भरून काढण्याचे काम कारागिराचे हात करतात. परंतु त्या अंतरातील पैसा नेहमी कारागिराच्याच पदरी पडतो असे मात्र नाही. याचे एक चांगले उदाहरण म्हणजे छोट्या चौकटीच्या जुन्या सायकली. इंग्लंड, अमेरिका आणि जपान या देशांत अशा सायकली जमवणारे आणि त्या पुन्हा बांधून वापरणारे हौशी लोक आहेत. आपल्याकडेही जुन्या सायकलींचे संग्राहक वाढत आहेत. पुण्यातील कर्वेनगरला तर जुन्या सायकलींचे खासगी संग्रहालयच उभे राहिले आहे. तेव्हा हा माल काय आहे, तो कसा तपासावा, कसा बांधावा आणि त्याचा व्यवहार कसा करावा, याची माहिती आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांना असावी, म्हणून आम्ही हा लेख देत आहोत.

छोटी चौकट म्हणजे काय?

आपल्या परिचयाची २८ इंची काळी सायकल सर्वांनी पाहिलेली आहे. तिची चौकट उंच, वरचा दांडा आडवा, आणि चालवणाऱ्याच्या उंचीप्रमाणे चौकटीचे माप वेगळे. छोट्या चौकटीच्या सायकलीत चाके १६ ते २० इंचांची असतात. वरचा आडवा दांडा नसतो. एकच जाड नळी खालून पुढे जाते. सीटचा आणि हँडलचा दांडा मात्र लांब असतो. त्यामुळे एकच सायकल बाप, मुलगा, आई अशी घरातील कोणीही सीट खालीवर करून चालवू शकतो. चाक लहान असल्याने ते मजबूत असते आणि त्यावर सामान ठेवण्यास जागाही भरपूर मिळते.

पण लहान चाकाची एक अडचण आहे. जो खड्डा मोठे चाक सहज ओलांडते, त्यात लहान चाक उतरते. शिवाय टायरमध्ये हवा कमी असली तर लहान चाक ओढायला जड जाते. म्हणून हवा कडक भरावी लागते. हवा कडक भरली की प्रत्येक धक्का हातापर्यंत येतो. या एकाच अडचणीवर वेगवेगळ्या कारखान्यांनी वेगवेगळे उपाय काढले, आणि त्यातूनच आज जमवल्या जाणाऱ्या सायकली निर्माण झाल्या.

तीन कारखानी उत्तरे

पहिले उत्तर अॅलेक्स मोल्टन (१९२०–२०१२) या इंग्रज अभियंत्याचे. १९५९ साली निघालेल्या मिनी मोटारीचे रबरी सस्पेन्शन याच माणसाने तयार केले होते. १९५६ च्या सुएझ पेचप्रसंगानंतर इंग्लंडमध्ये पेट्रोलचे रेशनिंग झाले, तेव्हा त्याचे लक्ष सायकलीकडे वळले. त्याने १६ इंची चाके, कडक हवेचे टायर आणि पुढे-मागे दोन्हीकडे सस्पेन्शन अशी सायकल तयार केली. रॅले कंपनीने ती बनवण्यास नकार दिला, तेव्हा त्याने स्वतःच ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हन या आपल्या गावी कारखाना काढला. १९६२ च्या नोव्हेंबरमध्ये लंडनच्या अर्ल्स कोर्ट प्रदर्शनात ही सायकल लोकांपुढे आली. पुढच्याच महिन्यात जॉन वुडबर्न या स्पर्धकाने तिच्यावर बसून कार्डिफ ते लंडन या अंतराचा विक्रम मोडला. लहान चाक म्हणजे मुलांचे खेळणे, हा समज तेथे संपला.

दुसरे उत्तर रॅलेने १९६५ साली दिले. आरएसडब्ल्यू १६ या नावाच्या सायकलीत सस्पेन्शन नव्हते. त्याऐवजी जाड आणि कमी हवेचे फुगीर टायर होते. धक्के कमी झाले, पण सायकल ओढायला जड झाली. १९६७ मध्ये रॅलेने मोल्टनचा धंदाच विकत घेतला आणि १९७४ पर्यंत मोल्टन सायकली बनवल्या. पुढे १९८३ मध्ये मोल्टनने नव्या रचनेच्या, बारीक नळ्यांच्या जाळीच्या चौकटीच्या सायकली सुरू केल्या.

तिसरे उत्तर सर्वांत साधे, आणि कारागिराच्या दृष्टीने सर्वांत सोयीचे. साठचे दशक संपता संपता रॅलेने 'ट्वेंटी' नावाची सायकल काढली. चाक २० इंच, सस्पेन्शन नाही, चौकट भक्कम, मागे तीन गिअरचा हब. तिचा एक घडीचा प्रकारही होता. ऐंशीच्या दशकातही ती बनत होती. संख्या भरपूर असल्याने तिचे सुटे भाग आजही सापडतात. अमेरिकेतील कारागीर-लेखक शेल्डन ब्राऊन (निधन २००८) यांनी या सायकलीची मोठी तरफदारी केली होती आणि स्वतःसाठी एक बदलून बांधलीही होती. त्यामुळे तिकडे या सायकलीचे महत्त्व वाढण्यास मदत झाली.

याच काळात मुलांसाठी वेगळा माल निघाला. १९६३ मध्ये अमेरिकेत श्विन कंपनीची स्टिंग-रे, आणि १९७० मध्ये इंग्लंडच्या बाजारात रॅलेची चॉपर. चॉपरचे पुढचे चाक १६ इंची आणि मागचे २० इंची. ज्यांनी ती लहानपणी वापरली तेच लोक आज तिचे गिऱ्हाईक आहेत. २०२३ मध्ये रॅलेने चॉपर पुन्हा काढली तेव्हा तिची किंमत ९५० पौंड ठेवली होती. जुन्या वस्तूच्या आठवणीला किती किंमत येते, हे यावरून दिसते.

आपल्या कारागिराला हे काम परके नाही

या सायकली विलायती असल्या तरी त्यांचे पोट आपल्या कारागिराच्या ओळखीचे आहे. आपल्याकडच्या सायकलीची रचनाच इंग्रजी आहे. आसनसोलच्या सेन-रॅले कारखान्यात रॅले बनत असे. मद्रासला १९४९ साली सुरू झालेल्या टीआय सायकल्समध्ये हर्क्युलस बनू लागली. तिच्या मागे इंग्लंडची ट्यूब इन्व्हेस्टमेंट्स ही कंपनी होती, आणि १९६० मध्ये रॅलेही त्याच कंपनीच्या पंखाखाली गेली. त्यामुळे कॉटर पिनचा क्रँक, वाटी-कोन-छर्रे यांची बीबी, तेल घालण्याची भोके, इंचाची मापे हे सर्व आपल्या गल्लीतील मिस्त्रीला पाठ आहे. युरोप-अमेरिकेत मात्र कॉटर पिन नीट बसवणारा माणूस शोधावा लागतो, कारण तेथे ही पद्धत कित्येक वर्षांपूर्वी बंद पडली. जे कसब आपण क्षुल्लक समजतो, त्याला दुसरीकडे मोल आहे.

घेण्यापूर्वी काय पाहावे?

रंग आणि चकाकी शेवटी पाहावी. आधी चौकट पाहावी.

एक लांब दोरा घ्यावा. मागच्या चाकाचा एक्सल जेथे बसतो तेथे एका बाजूला तो बांधून पुढे हँडलच्या नळीला वळसा घालावा आणि दुसऱ्या बाजूला आणून ताणून बांधावा. आता सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंच्या दोऱ्याचे अंतर मोजावे. अंतर सारखे असेल तर चौकट सरळ आहे. दोनतीन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर सायकल कधीतरी आपटलेली आहे असे समजावे.

नंतर पुढचा चिमटा बाजूने पाहावा. तो मागे दबलेला असेल तर हँडलच्या नळीखाली रंगाला सुरकुत्या पडलेल्या दिसतात. घडीच्या सायकलीत बिजागरी आणि तिची कडी तपासावी. कडी बंद केल्यावर किंचितही हालचाल होता कामा नये. मोल्टनच्या सुरुवातीच्या मालात मागचा हलता चिमटा तडकण्याचा दोष प्रसिद्ध आहे. तेथील रंग कापडाने पुसून, भिंग लावून पाहावे. केसासारखी रेघ दिसली तर ती सायकल चालवण्यासाठी विकू नये. तसेच मोल्टनच्या सस्पेन्शनमधील रबर वयोमानाने कडक होते किंवा तडकते. त्याचा खर्च भावात धरावा.

तिसरी गोष्ट म्हणजे सीटचा दांडा आणि हँडलचा दांडा हलतो का ते पाहणे. या सायकलीत हे दांडे लांब असल्याने गंज धरला की ते नळीत असे बसतात की निघता निघत नाहीत. मातीचे तेल आणि पातळ तेल एकत्र करून दोनचार दिवस मुरू द्यावे, मग फिरवावे. हातोड्याने ठोकून काढण्याच्या नादात चौकटीची नळी फाटते आणि सगळाच माल बाद होतो.

वय ओळखण्याची एक सोपी खूण आहे. स्टर्मी-आर्चर कंपनीच्या गिअर हबच्या वरच्या कवचावर प्रकाराचे नाव आणि वर्षाचे आकडे ठोकलेले असतात. उदाहरणार्थ 'एडब्ल्यू' आणि जवळच ७२ असेल तर तो हब १९७२ सालचा. पण चाक नंतर बदललेले असू शकते. म्हणून हबच्या तारखेवरून सायकलीचे वय पक्के ठरवू नये. चौकटीवरील क्रमांक, रंग आणि इतर भाग यांच्याशी ताळा जुळवावा.

मापांचा घोळ

या धंद्यात सर्वांत जास्त पैसा मापांच्या चुकीने जातो. दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

पहिली, टायर. २० इंची म्हणून विकले जाणारे टायर एका मापाचे नसतात. २० बाय १ ३/८ लिहिलेल्या टायरच्या रिमचे माप ४५१ मिलिमीटर आहे, तर २० बाय १.७५ चे ४०६ मिलिमीटर. एकाचा टायर दुसऱ्यावर मुळीच बसत नाही. इंग्लंडमध्ये विकलेल्या ट्वेंटीला ४५१ लागतो. साठच्या दशकातील १६ बाय १ ३/८ च्या मोल्टनला ३४९ लागतो. सुदैवाने हेच माप आजच्या ब्रॉम्प्टन या घडीच्या सायकलीचे असल्याने चांगले टायर नवे मिळतात. तेव्हा टायर मागवताना इंच सांगू नयेत, टायरच्या बाजूला कोरलेला मिलिमीटरचा आकडा सांगावा.

दुसरी, आटे. बीबीच्या वाटीचे इंग्रजी माप सामान्यतः इंचाला २४ आट्यांचे असते. रॅलेने मात्र आपल्या नॉटिंगहॅमच्या मालात इंचाला २६ आटे ठेवले. व्यास जवळजवळ तोच असल्याने बाजारातील वाटी दोन फेरे आत जाते आणि अडकते. तेथे जोर लावला की चौकटीचे आटे कायमचे खराब होतात. म्हणून रॅलेच्या जुन्या वाट्या फेकू नयेत. घासून गेल्या असतील तरी आधी छर्रे बदलून पाहावेत. बीबीत दोन सुती छर्रे, प्रत्येक बाजूला अकरा. चेनच्या बाजूच्या वाटीचे आटे उलटे असतात हे मिस्त्रीला सांगायला नकोच. ट्वेंटीच्या हँडलच्या नळीत वरच्या बाजूला छर्ऱ्यांऐवजी प्लास्टिकचा बुश असतो. तो पाहून कोणीतरी छर्रे हरवले असे समजू नये; कारखान्यानेच तसे दिले आहे.

तीन गिअरचा हब

एडब्ल्यू हब १९३६ पासून बनत आला आहे. त्याच्या आत एक्सलवर २० दात्यांचे स्थिर चाक, त्याभोवती फिरणारी चार लहान चाके आणि बाहेर ६० दात्यांचे कडे आहे. चेन लहान चाकांच्या पिंजऱ्याला फिरवते आणि कड्यातून चाक फिरते तेव्हा वेग चार-तृतीयांश होतो. उलट, चेन कड्याला फिरवते आणि पिंजऱ्यातून चाक फिरते तेव्हा वेग तीन-चतुर्थांश होतो. मधला गिअर सरळ, म्हणजे जेवढा चेनचा फेरा तेवढाच चाकाचा.

हा हब सहसा बिघडत नाही, तो सुकतो. वर्षानुवर्षे पडून राहिल्याने जुने तेल गोंदासारखे होते आणि आतील लहान खिट्या उठत नाहीत. मग पायडल मोकळे फिरते आणि मालक म्हणतो, हब गेला. अशा वेळी आधी पातळ तेल सोडून एक दिवस ठेवावे. निम्म्या वेळा तेवढ्याने काम होते. उघडावाच लागला तर खिट्यांच्या स्प्रिंग नव्या घालाव्यात. खिट्यांना ग्रीस मुळीच लावू नये. ग्रीस फक्त बाहेरच्या छर्ऱ्यांना, आत पातळ तेल.

जोडल्यावर तार बरोबर लावणे महत्त्वाचे. गिअर मधल्या खुणेवर ठेवून उजव्या नटाच्या खिडकीतून पाहावे. साखळीला जोडलेल्या काडीचा खांदा एक्सलच्या टोकाशी बरोबर समपातळीत आला पाहिजे. तार ढिली राहिली तर दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरच्या मध्ये पायडल अचानक मोकळे सुटते. उभे राहून पायडल मारणारा माणूस अशा वेळी तोंडावर पडतो.

२००० साली जुनी स्टर्मी-आर्चर कंपनी बुडाली आणि तिचा धंदा तैवानच्या सनरेस कंपनीने घेतला. नाव तेच राहिले, म्हणून जुना आणि नवा माल ओळखताना कवचावरील शिक्के नीट वाचावेत.

कॉटर, गंज आणि रंग

कॉटर पिन काढताना नट पूर्ण काढू नये. शेवटच्या दोन आट्यांवर ठेवावा. क्रँकखाली पोकळ नळीचा भक्कम आधार द्यावा आणि एकच जोराचा घाव घालावा. हलके हलके ठोकले तर पिन वाकते, निघत नाही. नवी पिन तीन सुती. तिचा चपटा भाग कानशीने दोन्हीकडे सारखाच घासला पाहिजे, नाहीतर दोन्ही क्रँक एका रेषेत येत नाहीत. मऊ लोखंडाची स्वस्त पिन आठवडाभरात दबते आणि क्रँक टकटक करू लागतो. शंभर किलोमीटर चालवल्यावर नट पुन्हा एकदा कसून द्यावा, आणि हे गिऱ्हाइकाला आधीच सांगून ठेवावे.

क्रोमच्या भागांवरील गंजासाठी पॉलिश पेपर वापरू नये. अॅल्युमिनियमची पातळ पन्नी पाण्यात बुडवून घासली तर वरचा गंज निघतो आणि मुलामा वाचतो. जुन्या रंगाबाबत घाई करू नये. संग्राहकाला ओरखडे असलेला मूळ रंग नव्या चकचकीत रंगापेक्षा प्रिय असतो. रंग एकदा काढला की कारखान्याचा शिक्का आणि रेषा परत येत नाहीत. साबणाच्या पाण्याने धुवून वरून मेण लावले तर बहुतेक वेळा पुरे होते.

ब्रेकची गोष्ट मात्र वेगळी आहे. लोखंडी रिमवर पाऊस पडला की ब्रेक जवळजवळ लागत नाही. सायकल रोज चालवायची असेल तर अॅल्युमिनियमची रिम बसवणे शहाणपणाचे. आऱ्यांची भोके मोजून जुन्याच हबवर ती बांधता येते. जुनी रिम फेकू नये. गाठोडे करून सायकलीबरोबरच द्यावी. पुढच्या मालकाला मूळ रूप हवे असेल तर त्याचा मार्ग बंद होऊ नये.

दोन गिऱ्हाइके, दोन हिशेब

या मालाचे गिऱ्हाईक दोन प्रकारचे असते. एकाला सायकल जशी कारखान्यातून निघाली तशी हवी असते. दुसऱ्याला ती रोज चालवायची असते. पहिल्यासाठी मूळ भाग शोधण्यात वेळ जातो. दुसऱ्यासाठी नव्या भागांवर पैसा जातो. काम घेण्यापूर्वी गिऱ्हाईक कोणते हे विचारून घ्यावे. न विचारता सुंदर रंग दिला आणि गिऱ्हाईक पहिल्या प्रकारचे निघाले, तर मेहनतही गेली आणि माल उतरला असे होते.

हिशेबाचीही एक चूक सर्रास होते. समजा, एक मोडकी सायकल ४,००० रुपयांना घेतली, टायर-ट्यूब, तारा, छर्रे, रिम यांवर ५,००० रुपये गेले आणि ती १४,००० रुपयांना विकली. पाच हजार सुटले असे मिस्त्री म्हणतो. पण चार पूर्ण दिवस तो तिच्यावर बसला होता. त्या चार दिवसांत दुकानात पंक्चर व ओव्हरहॉलिंगचे जे पैसे आले असते ते वजा केले तर खरी कमाई कळते. म्हणून वहीत सामानाबरोबर तासही लिहावेत. तास लिहिणाऱ्या कारागिराला भाव सांगताना संकोच वाटत नाही. तास न लिहिणारा मात्र मधल्या दलालाला माल देऊन बसतो आणि तीच सायकल पुढे दुप्पट भावाने विकली गेल्याचे ऐकतो.

जे आहे ते सांगावे

सर्वांत नाजूक बाब आम्ही मुद्दाम शेवटी ठेवली आहे. जुन्या मालात फसवणूक सोपी असते. दोन सायकलींची एक केली, चौकट एकीची आणि हब दुसरीचा, आणि 'सर्व मूळ' म्हणून विकली, तर बहुतेक गिऱ्हाइकांना कळणार नाही. तडकलेल्या जागी झाळून वर रंग मारला तरी कळणार नाही. पण पहिल्या प्रकारात गिऱ्हाइकाचे पैसे जातात, आणि दुसऱ्या प्रकारात उतारावर त्याचा जीव जाऊ शकतो. झाळलेला सांधा विकणाऱ्याने तो लिहून दिला पाहिजे. मूळ भाग कोणते, बदललेले कोणते, दुरुस्त केलेले कोणते, अशी तीन रकान्यांची एक चिठ्ठी प्रत्येक सायकलीबरोबर द्यावी आणि तिची नक्कल आपल्या वहीत ठेवावी. संग्राहक एकमेकांना ओळखतात. ज्याच्या चिठ्ठीवर विश्वास बसतो त्याच्याकडे माल शोधत लोक येतात.

खरेदीतही हाच नियम लावावा. एखाद्या घरात आजोबांची सायकल पडून असते आणि घरच्यांना तिची किंमत ठाऊक नसते. तेथे भंगाराच्या भावात उचलणे सोपे आहे. पण उद्या त्यांना कळले तर ते घर आणि ती गल्ली दुकानाला कायमची बंद होते. 'ही चालवण्याच्या लायकीची होऊ शकते, म्हणून इतके देतो' असे सांगून वाजवी पैसे दिले तर त्याच घरातून उद्या दुसरा माल येतो.

मुंबईच्या चोर बाजारात काय आणि पुण्याच्या जुन्या बाजारात काय, ढिगातून योग्य तुकडा उचलण्याची नजर वर्षांच्या मेहनतीने येते. आज ही नजर आणि हे हात ज्या जुन्या उस्तादांकडे आहेत, त्यांची मुले दुसऱ्या धंद्यात गेली आहेत. आऱ्यांचा ताण बोटांनी ओळखणे, चाकाचा आउट काढणे, पिन घासून बसवणे हे पुस्तकाने येत नाही. शेजारी बसूनच येते. ज्या दुकानात असा एखादा उस्ताद आहे तेथे एक तरी शागीर्द बसवावा, त्याच्या हातात एक मोडकी सायकल द्यावी, आणि ती उभी राहीपर्यंत वहीत प्रत्येक भाग, प्रत्येक माप आणि प्रत्येक तास त्यालाच लिहू द्यावा. सायकल विकली जाईल, पण ती वही दुकानातच राहील, आणि पुढच्या दहा सायकलींना उपयोगी पडेल.